कोपलीच्या मिहकेलचा दुखवटा

“चाळीस वर्षं मी जहाजावर काढली आहेत, लाइने! बिस्केच्या उपसागरात लाटा धुरांड्याच्या वर चढत होत्या, तेव्हा सुकाणू या हातात होतं. याच हातात! आणि तू मला दोन पाहुण्यांची भीती घालतेस?”

असं म्हणून मिहकेलने तो ऐतिहासिक हात उंच केला आणि टेबलावरची दुधाची किटली खाली आली.

लाइनेने फडकं आणलं, दूध पुसलं, फडकं पिळून वाळत घातलं आणि फ्रिजवर चिकटवलेल्या सूचनांच्या कागदावर शेवटी आणखी एक ओळ लिहिली. सतरावी.

किह्नू बेटाची व्यवस्था फार पूर्वीपासून सोपी आहे. पुरुष समुद्रावर असतात आणि बायका बाकी सगळीकडे. शेत, गुरं, चर्च, छप्पर, पोरंबाळं, मोटरसायकल, सगळं बायकांकडे. पुरुष म्हातारपणी घरी परत येतात तेव्हा त्यांना बसायला एक खुर्ची देतात आणि ती मधल्या वाटेत येणार नाही अशी ठेवतात. मिहकेल सहा वर्षांपूर्वी निवृत्त होऊन अशा एका खुर्चीत येऊन बसला होता आणि तेव्हापासून आपल्याला काहीतरी मोठं काम सोपवलं जाईल याची वाट बघत होता.

ते काम आता आलं. लाइनेच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा होता. समुद्रापलीकडच्या पर्नू शहरातल्या दवाखान्याने तारीख दिली ती नेमकी त्याच आठवड्यातली, ज्या आठवड्यात राजधानी तालिनहून एक जोडपं कोपली नावाच्या त्यांच्या घरी उतरायला येणार होतं. उन्हाळ्यात लाइने दोन खोल्या पाहुण्यांना देत असे. जाहिरातीत तिने तीनच शब्द लिहिले होते: शांतता, निसर्ग, परंपरा. शांतता म्हणजे मिहकेल जेवत असतो ती वेळ. निसर्ग म्हणजे डास. आणि परंपरा म्हणजे काय, ते पाहुणे स्वतःच ठरवत.

“मी त्यांना नको म्हणून कळवते,” लाइने म्हणाली होती.

“कळवून बघ! लोक म्हणतील, बायको दोन दिवस नाही तर कोपलीच्या मिहकेलला चहासुद्धा करता येत नाही.”

“येतो का?”

“तो प्रश्न नाही!”

मंगळवारी सकाळी लाइने बोटीत बसली. बसता बसता म्हणाली, “कागद वाच. सगळा वाच. आणि माझ्या घागऱ्यांच्या पेटीला हात लावू नकोस.”

“मी कशाला लावतोय?”

“सहावी ओळ,” लाइने म्हणाली, आणि बोट सुटली.

ज्या बोटीने लाइने गेली, तीच दुपारी पाहुण्यांना घेऊन परत आली. केर्ली आणि राउनो. दोघंही तिशीतली, दोघांच्याही पाठीवर घराएवढ्या पिशव्या. राउनो धक्क्यावर उतरला, त्याने डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाला, “ऐकलंस, केर्ली? काहीच ऐकू येत नाही!” त्याच वेळी धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला, पण त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. केर्लीचे डोळे मात्र उतरल्यापासून गळत होते.

“रडताय का हो?” मिहकेलने विचारलं.

“नाही, काका. गवताच्या परागांचं वावडं आहे मला. शिंका, डोळ्यांना पाणी. तुमच्या बेटावर गवत फार आहे का?”

“गवताशिवाय दुसरं आहेच काय!” मिहकेलने अभिमानाने सांगितलं.

तो दिवस बरा गेला, म्हणजे घर जळलं नाही. खरा घोळ बुधवारी सकाळी सुरू झाला, जेव्हा केर्ली नाश्त्याला बसली आणि म्हणाली, “काका, इथल्या बायका घालतात तसा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा मला एक दिवस घालायला मिळेल का? मी जपून वापरीन. हीच तर खरी परंपरा ना?”

आता किह्नूच्या बाईचा घागरा ही नुसती घालायची गोष्ट नाही. घरात सगळं क्षेमकुशल असेल तर तो लालभडक. कुणी गेलं की काळा-निळा. मग दुःख जसं ओसरतं तसा एकेक लाल पट्टा परत येतो. कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायला इथे कुणी कुणाच्या दारात जात नाही, लांबूनच घागरा बघतात. हे बेटावरच्या मांजरांनाही ठाऊक आहे. मिहकेललाही ठाऊक होतं, त्याला दोष देऊ नका. त्याने अज्ञानाने काही केलं नाही, त्याने विचार करून केलं. ते जास्त धोक्याचं असतं.

पेटी उघडून तो उभा राहिला आणि त्याने असा हिशोब मांडला: वरचे लाल घागरे लाइने रोज घालते. त्यातल्या एकावर चिखलाचा ठिपका जरी पडला, तरी ती बोटीवरून उतरता उतरता ओळखेल. तळाशी मात्र काळा घागरा आहे. तो तिला लागणार केव्हा, तर कुणी मेल्यावर. आणि एवढ्यात मरतंय कोण! शिवाय शहरातल्या पोरीला कसलं आलंय सुतक? तिला तांबडा काय नि काळा काय!

“हा घ्या,” तो केर्लीला म्हणाला. “अगदी नव्यासारखा आहे. फारसा वापर नाही त्याला.”

“किती गंभीर रंग आहे! सुंदर!” केर्ली म्हणाली. मिहकेलने उदारपणे लाइनेचा काळा रुमालही तिच्या डोक्यावर बांधायला दिला. झालं ते झालं, निदान अर्धवट नको!

मग तिघं मोटरसायकलवरून पश्चिमेच्या किनाऱ्यावर गेली. बेटावरच्या इतर मोटरसायकलींसारखीच कोपलीच्या मोटरसायकलच्या बाजूलाही मासळीचे खोके ठेवायला एक सपाट, लांबलचक फळ्यांची गाडी जोडलेली होती. राउनोला ती इतकी आवडली की त्याने स्वतः चालवायचा हट्ट धरला. किनाऱ्यावर मिहकेलची जुनी होडी वाळूत पालथी पडली होती.

“ही पाण्यात ढकलायला किती माणसं लागतात?” राउनोने विचारलं.

“इतरांना चार.” मिहकेल हसला. “बाजूला व्हा.”

त्याने बाह्या सरसावल्या, होडीच्या टोकाखाली हात घातले, तीन म्हणून जोर लावला आणि ‘कड्’ असा आवाज झाला. राउनोला वाटलं होडीची फळी मोडली. फळी शाबूत होती. मिहकेलच्या कमरेत उसण भरली होती. तो जिथे वाकला होता तिथेच, त्याच कोनात थांबला. त्याच्या सदऱ्याच्या खिशातला फोन मात्र थांबला नाही. तो हळूच बाहेर आला, लाटेत पडला आणि एकदा उजळून कायमचा विझला.

“काका? काका, काय झालं?”

“काही नाही,” मिहकेल जमिनीकडे बघत म्हणाला. “मी होडीचं निरीक्षण करतोय.”

पाच मिनिटांनी निरीक्षण संपेना तेव्हा त्या दोघांनी त्याला दोन्हीकडून धरून आडवं केलं. तेव्हा त्याने जी आरोळी ठोकली, ती ऐकून खडकावरचे तीन सील पाण्यात उतरले. केर्लीच्या पिशवीत पाठदुखीच्या गोळ्या होत्या.

“अर्धीच घ्या हं, काका. फार झोप येते याने.”

“अर्धी! आम्ही जहाजावर असल्या मूठभर खायचो,” असं म्हणून मिहकेलने दोन गिळल्या.

त्याला त्या फळ्यांच्या गाडीत उताणा ठेवला. पाय सरळ, हात छातीवर, कारण दुसरीकडे कुठे ठेवले की कळ येत होती. माश्या बसतात म्हणून केर्लीने पाहुण्यांच्या खोलीतली पांढरी चादर, जी तिने वाळूत बसायला आणली होती, ती त्याच्या अंगावर घातली. उन्हाने डोळे दिपतात म्हणून चेहऱ्यावर त्याचीच टोपी ठेवली. आणि खड्डा लागला की म्हातारा कळवळतो, म्हणून राउनोने मोटरसायकल पायी चालणाऱ्याच्या वेगाने सोडली. निम्म्या वाटेत कळवळणं बंद झालं. गोळ्या लागू पडल्या होत्या.

बेटावरचा कुठलाही रस्ता साल्मेच्या दुकानासमोरून जातो. साल्मेने दुकान तिथे मुद्दाम टाकलेलं आहे. पाव विकणं हा तिचा जोडधंदा, मूळ काम लक्ष ठेवणं. त्या दिवशी दाराशी ती आणि तिघीचौघी बायका बोलत उभ्या होत्या, आणि आंट्स काखेत पाव धरून बाहेर पडत होता. आंट्स एरवी मासेमारी करतो आणि गरज पडली की बेटावरच्या कबरी खणतो.

वळणावरून कोपलीची मोटरसायकल आली. हळू, अगदी हळू. पुढे एक अनोळखी गंभीर तरुण. मागे काळ्या घागऱ्यातली, काळ्या रुमालातली एक बाई, डोळ्यांतून धारा लागलेल्या. आणि बाजूला, पांढऱ्या चादरीखाली, टोपी तोंडावर घेऊन...

आंट्सने डोक्यावरची टोपी काढली. बायकांनी माना खाली घातल्या.

‘काय अगत्याची माणसं आहेत!’ राउनोला वाटलं. त्याने मोटरसायकल थांबवली आणि सगळ्यांना मान लववून अभिवादन केलं.

“मिहकेल?” साल्मेने कापऱ्या आवाजात विचारलं.

“हो,” केर्लीने नाक ओढलं. “किनाऱ्यावर अचानकच झालं हो! फार तळमळले बिचारे, बघवत नव्हतं. आता शांत झालेत.”

राउनोने गाडी पुढे काढली आणि “गोळी लागू पडली, थोडं झोपू दे त्यांना” हे केर्लीचं पुढचं वाक्य इंजिनाच्या फटफटाटात विरून गेलं.

साल्मेने क्रूसाची खूण केली. मग दुकानाला कुलूप घातलं. वर्षभरात पहिल्यांदाच!

तिने फोन लावला तेव्हा लाइने दवाखान्याच्या बाकावर बसली होती. शस्त्रक्रिया होऊन डोळ्यावर पट्टी बांधली होती, आणि डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या की आठवडाभर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही आणि रडायचं तर मुळीच नाही.

“लाइने, असशील तशी निघ,” साल्मे म्हणाली.

“का? घर जाळलं का त्याने?”

“घर ठीक आहे गं.”

“पाहुणे पळून गेले?”

“पाहुण्यांचं नाही. लाइने... मिहकेल...” आणि गेल्या तीस वर्षांत एकही वाक्य अर्धवट न सोडलेल्या साल्मेने ते वाक्य अर्धवट सोडलं. त्यावरून लाइनेला सगळं कळलं.

इकडे कोपलीच्या घरी केर्लीने मिहकेलची उत्तम सोय लावली होती. पाठ दुखते तर गादी नको, कडक फळी हवी, असं तिच्या योगाच्या बाईंनी तिला शिकवलं होतं. म्हणून राउनोने माजघरात दोन बाकांवर एक दार आडवं टाकलं आणि त्यावर मिहकेलला निजवला. अंगावर तीच पांढरी चादर. मन शांत राहावं म्हणून उशाशी सुगंधी मेणबत्ती. उजेडाने जाग येईल म्हणून पडदे ओढलेले.

तीनच्या सुमाराला फाटकाशी बायका आल्या. आठ-दहा जणी, सगळ्या काळ्या-निळ्या घागऱ्यांत, हातांत झाकलेली भांडी. खारवलेली हेरिंग मासळी, उकडलेले बटाटे, काळा पाव, मनुका घातलेला गोड भात.

“केर्ली!” राउनो खिडकीतून बघून कुजबुजला. “परंपरेचा कार्यक्रम आहे! जाहिरातीत लिहिलं होतं ना? आणि सगळ्यांनी तुझ्यासारखेच घागरे घातलेत!”

“काकांनीच बोलावलं असणार. आणि बघ ना, स्वतः मात्र आडवे! या ना, आत या,” केर्लीने दार उघडलं. “आम्ही वाटच बघत होतो.”

साल्मे आत आली, तिने केर्लीला आपादमस्तक न्याहाळलं आणि तिच्या मनात सकाळपासून टोचत असलेला प्रश्न बाहेर पडला. “पोरी, तू मिहकेलची कोण?”

“तशी पाहुणीच हो. पण दोन दिवसांत घरच्यासारखंच झालं सगळं. लाइनेकाकूंचा घागराही काकांनी स्वतःच्या हाताने दिला.”

“स्वतःच्या हाताने! आधीच?” एकीने श्वास रोखला. म्हणजे म्हाताऱ्याला चाहूल लागली होती!

“आणि तुझी आई?” साल्मेने धागा सोडला नाही.

“आई तालिनला असते. ती खूप वर्षांपूर्वी एकदा इथे आली होती. कोपलीच्या घरीच उतरली होती म्हणे. तिनेच मला पाठवलं. म्हणाली, आयुष्यात एकदा त्या घरी जाऊन ये.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. चाळीस वर्षं जहाजावर! तालिन हे मोठं बंदर! दोन मिनिटांत सगळा उलगडा झाला आणि कुणालाही एक शब्द बोलावा लागला नाही.

“बघायचंय का त्यांना?” केर्लीने विचारलं. “पण हळू हं. किती शांत दिसतात बघा.”

“झोपल्यासारखा दिसतो,” एकीने रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

“हो ना! उठवू मात्र नका.”

“उठवायचं कसं, बाळ?” साल्मे हुंदका देत म्हणाली.

“तेच ना! इतके गाढ आहेत.”

बायकांनी फळीभोवती रिंगण केलं आणि भजन लावलं. किह्नूच्या बायका गायला लागल्या की खिडक्यांच्या काचा वाजतात. राउनोने भिंतीला टेकून डोळे मिटले. केर्लीला शिंकांमागून शिंका येत होत्या, प्रत्येक शिंकेला कुणीतरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं.

दुसऱ्या कडव्याला मिहकेल जागा झाला.

आधी त्याला वाटलं, आपण चर्चमध्ये झोपलो. हे यापूर्वीही झालेलं होतं. उठायला गेला तर कंबर ओरडली, म्हणून तसाच राहिला. पापणी किंचित उघडली तर मेणबत्ती, पांढरी चादर, काळे घागरे. तो काही मूर्ख नव्हता. म्हणजे होता, पण एवढा नव्हता. काय झालंय ते त्याच्या लक्षात आलं, आणि आता ओरडून सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, एवढ्यात भजन थांबलं आणि साल्मे म्हणाली, “असा माणूस पुन्हा होणे नाही.”

मिहकेलने तोंड मिटलं. इतकी काय घाई होती?

“कधी कुणाला टाकून बोलला नाही,” दुसरी म्हणाली.

“वादळात माझी जाळी ओढून दिली होती त्याने,” दाराशी उभा असलेला आंट्स म्हणाला. “स्वतःचा जीव धोक्यात घालून.”

जाळी आंट्सच्या भावाने ओढून दिली होती, त्या वेळी मिहकेल ब्राझीलला होता. पण मेलेल्याने वाद घालू नये, असं त्याला वाटलं. सहा वर्षं खुर्चीत बसून जे एकदाही कानावर पडलं नव्हतं, ते आता धो धो पडत होतं. मिहकेल म्हणजे मूर्तिमंत धैर्य! मिहकेल म्हणजे सज्जनपणाचा पुतळा! स्वतःच्या जाण्याचं त्याला फार वाईट वाटलं.

पण स्तुती ही अशी वस्तू आहे की ती साधारण दहा मिनिटं पुरते. मग कॉफी आली, बायका बाकांवर बसल्या आणि आवाज जरा खाली आले.

“बडबड मात्र फार करायचा.”

“अगं, ती बिस्केची गोष्ट मी एकट्या गेल्या हिवाळ्यात नऊ वेळा ऐकली. दर वेळी लाट आणखी चार हात उंच!”

“आणि लाइनेने काय काढलं असेल त्याच्या पायी! त्यात हे तालिनचं प्रकरण.”

“पोरीचं नाक बघितलंस? सहीसही!”

“कान पण.”

कुठली पोर? कसलं नाक? मिहकेलच्या अंगाला घाम फुटला. उठून खुलासा करावा तर कंबर लाकडाची झालेली. आणि खरं सांगायचं तर आपलं तालिनमध्ये काय झालं होतं, हे ऐकायची त्यालाही उत्सुकता लागली होती.

“खड्डा तयार आहे,” आंट्सने जाहीर केलं. “उद्या पहाटे मला समुद्रावर जायचंय, म्हणून आजच उरकून घेतला. वाळूच आहे, दोन तासांत झाला. त्याच्या आईच्या शेजारी. थोडा आखूड झालाय, पण चालेल. मिहकेल बोलायचा तेवढा काही उंच नव्हता.”

फाटकाचा आवाज झाला. बोट आली होती.

लाइने आत आली. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात अजून दवाखान्याची पिशवी. बायकांनी वाट दिली. ती फळीपाशी गेली, वाकू नकोस म्हणून सांगितलेलं असताना वाकली आणि तिने मिहकेलच्या छातीवर हात ठेवला.

“मूर्खा,” ती म्हणाली. “सतरा ओळी लिहून ठेवल्या होत्या. मरू नकोस, हे काय वेगळं लिहायला हवं होतं?”

लाइनेच्या उघड्या डोळ्यातून पाणी वाहायला लागलं.

“चाळीस वर्षं मी वाट बघितली. वर्षातून दोन महिने यायचास, तेही दरवाजे दुरुस्त करतो म्हणून मोडून ठेवायचास. शेवटी एकदाचा घरी आलास. त्या खुर्चीत बसून दिवसभर तीच ती गोष्ट सांगायचास. मला चिडायला कुणीतरी होतं रे. आता मी कुणावर चिडू?”

मिहकेलच्या पापणीआडून एक थेंब कानाकडे ओघळला. असं ती कधी बोलली नव्हती. त्याने ठरवलं, आता पुरे. आता हळूच डोळे उघडायचे, तिचा हात धरायचा आणि काहीतरी असं बोलायचं की ते तिला जन्मभर पुरेल. वाक्य कोणतं, एवढंच ठरायचं होतं. तो शब्द जुळवायला लागला.

तेवढ्यात लाइनेने डोळा पुसून मान वर केली आणि तिची नजर समोर उभ्या असलेल्या केर्लीवर पडली. मग केर्लीच्या घागऱ्यावर.

“हा माझा घागरा आहे,” ती म्हणाली.

तिने एका डोळ्याने सगळ्या खोलीवरून नजर फिरवली.

“माझी पेटी कुणी उघडली?”

“मी नाही!” मिहकेल म्हणाला.

काय करणार! इतक्या वर्षांची सवय. ती कुठे जिवंत-मेलेलं बघत बसते?

त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगता येणार नाही, कारण ते क्रमाने झालंच नाही. साल्मे किंचाळली आणि गोड भाताच्या पातेल्यावर बसली. दोघी दोन खिडक्यांतून बाहेर गेल्या, त्यातली एक खिडकी बंद होती. आंट्सने “ये, सैतानाच्या!” म्हणून हातातला पाव मिहकेलला फेकून मारला. मेणबत्ती कलंडली, चादरीने पेट घेतला आणि आठवडाभर जड काही उचलायचं नाही असं सांगितलेल्या लाइनेने पाण्याची बादली उचलून मिहकेलवर पालथी केली.

राउनो टाळ्या वाजवत होता. “अप्रतिम! मला कळलंच नाही की ते नाटकात आहेत!”

“मी मेलो नाहीये!” चिंब भिजलेला मिहकेल ओरडत होता. “कमरेत उसण भरली आहे! आणि तालिनमध्ये माझं कुणी नाही!”

“तालिनमध्ये काय?” लाइनेने रिकामी बादली खाली ठेवत विचारलं. अगदी शांतपणे. फार शांतपणे.

मग साल्मेला सांगावं लागलं. सांगताना तिला फार संकोच झाला, म्हणून तिने ते फक्त दोनदा सांगितलं. केर्लीला आधी काही उमजेना, उमजलं तेव्हा ती हसावं की शिंकावं या गोंधळात दोन्ही करायला लागली. “अहो, माझी आई शाळेच्या सहलीला आली होती! बारा वर्षांची होती! चाळीस पोरं होती, तुमच्या गोठ्यात झोपली होती सगळी!”

“ती सहल?” लाइने म्हणाली. “माझ्या गाजराचा वाफा तुडवला होता त्यांनी.” आणि तिने केर्लीकडे असं बघितलं, जणू मिहकेलची मुलगी नसली तरी वाफ्याचा जाब विचारायला हरकत नाही.

मिहकेलने फळीवरून हात पुढे केला. “लाइने, तू रडलीस. माझ्यासाठी.”

“एकाच डोळ्याने,” लाइने म्हणाली. “आणि त्यासाठी उद्या परत पर्नूला जाऊन दाखवावं लागेल, पट्टी ओली झाली आहे का ते. जेवलास का?”

“नाही.”

“मग घे. तुझ्याच तेराव्याचं आहे.”

आणलेलं अन्न परत नेणं बरं दिसत नाही, म्हणून सगळे बसले आणि सगळं संपवलं. वातावरण जरा तुटकच होतं. जिवंत मिहकेलसमोर बायकांना नजर द्यायला जड जात होतं, आणि आंट्स पुन्हा पुन्हा म्हणत होता, “दोन तास खणलंय मी. दोन तास!” जणू मिहकेलने शब्द देऊन फिरवला होता.

पाहुणे शुक्रवारी गेले. जाताना त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की शांतता, निसर्ग आणि परंपरा यांचा इतका जिवंत अनुभव त्यांना कुठेच आला नव्हता, फक्त प्रेताची भूमिका करणारे गृहस्थ शेवटी जरा जास्त आरडाओरडा करतात. त्यानंतर कोपलीच्या घरी आणखी तीन चौकशा आल्या. तिघांनाही विचारायचं होतं, मयत कोणत्या वारी असतं?

लाइनेचा डोळा ठीक निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं म्हणे, “एवढं काय झालं होतं रडायला?” त्यावर लाइनेने उत्तर दिलं, “काही नाही, गैरसमज.”

राहता राहिला खड्डा. तो कुणी बुजवायचा यावर चर्चच्या अंगणात बरीच चर्चा झाली. आंट्स म्हणाला, मी खणणारा आहे, बुजवणं पाहुणा आत गेल्यावर. बायका म्हणाल्या, आमचा संबंध नाही. शेवटी सर्वानुमते ठरलं की ज्याचा खड्डा त्याने बुजवावा.

म्हणून पुढच्या आठवड्यात, कंबर जरा सरळ झाल्यावर, मिहकेल फावडं घेऊन दफनभूमीत गेला. सकाळची छान हवा होती. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका मोटरसायकल हळू करून त्याला “काय, मिहकेल, बरा आहेस ना?” असं विचारून पुढे जात होत्या. त्याने खड्डा भरला, वर वाळूचा उंचवटा केला आणि तो सपाट करायला फावड्याची पाठ थाप थाप मारायला लागला.

साल्मेने कुंपणाशी मोटरसायकल थांबवली. बराच वेळ बघत राहिली.

“फार ठोकून बसवू नकोस रे, मिहकेल,” ती मायेने म्हणाली. “भुसभुशीतच राहू दे. आंट्सची कंबरही आता पूर्वीसारखी राहिली नाही.”